माळवदाच्या तुळईची मांडणी

मुलीच्या नीट परीक्षेच्या पुस्तकांनी आमची विकतची मांडणी वर्षभरात वाकवली. लातुरात ज्या घरात बारावीचं लेकरू आहे, त्या घरात असं एखादं वाकलेलं फर्निचर असतंच. पुस्तकांच्या एक फूट रांगेचं वजन साधारण नऊ-दहा किलो भरतं. आमची फळी होती तीन फुटांची, भुशाच्या बोर्डाची, वर सागवानाचं चित्र चिकटवलेली. फळीचं गणित निर्दयी आहे. फुटाला वजन तेवढंच ठेवून लांबी दुप्पट केली तर बाक 16 पट होतो, आणि जाडी दुप्पट केली तर तोच बाक आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे नवी मांडणी करायची तर फळ्या आखूड आणि जाड. अडीच फूट रुंद, पाच फूट उंच, दहा इंच खोल, चार फळ्या आणि वर झाकण, एवढं कागदावर उतरलं.

लाकूड घरचंच होतं. औसा तालुक्यातलं आमचं माळवदाचं घर भावाने उतरवलं, त्याला तिथे स्लॅबचं बांधायचं होतं. माळवद पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर सर म्हणजे बारीक कड्या, त्यावर किलच्या म्हणजे लाकडाचे चिरलेले तुकडे आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा असा की पंखा आठवत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आमच्या भागातली माणसं गेली ती बहुतेक या मातीखाली आणि दगड-मातीच्या जाडजूड भिंतींखाली. त्यानंतर भीतीने कितीतरी माळवदं उतरली आणि चांगलं सागवान मिळेल त्या भावाने गेलं. पण जिथे छताचा भार भिंतीवर नव्हता, खणांवर म्हणजे खांब-तुळयांच्या सांगाड्यावर होता, तिथे बऱ्याच ठिकाणी भिंती ढासळल्या तरी सांगाडा उभा राहिला. आमचं घर खणाचं होतं. मागची भिंत गेली, खांब जागचे हलले नाहीत.

तोच सांगाडा उतरवताना मी जवळून पाहिला. खांबाच्या डोक्यावर चौकोनी कुसू, म्हणजे कापून काढलेलं टोक, आणि तुळईत त्याच्यापुरतं भोक. खिळ्याचं नाव नाही. खांबावर आणि त्याच्या जोडीच्या तुळईवर पटाशीने, म्हणजे सुताराच्या छिन्नीने, मारलेल्या रेघा होत्या. एका जोडीवर एक, दुसरीवर दोन, तिसरीवर तीन. कुठलं डोकं कुठल्या भोकात, याची ती खूण. भावाच्या गवंड्याने एक खांब दुसऱ्याच तुळईला लावून बघितला, तर तो बसेना. सगळे कुसू एका मापाचे नव्हतेच. ज्याने कुणी ते कापले, त्याने प्रत्येक कुसू त्याच्या त्याच्या भोकासाठी कापला होता. मांडणी करताना माझ्या कामाला आली ती हीच एक गोष्ट.

तुळई चिरून फळ्या काढणं हे मात्र हाताचं काम नाही. सॉ मिलवाला जुनं लाकूड पाहूनच नाक मुरडतो, कारण आत एखादा खिळा राहिला तर त्याचं पातं जातं. "खिळे काढून आना, मग बघू," म्हणाला. स्पीकरमधलं जुनं लोहचुंबक दोऱ्याला बांधून मी तुळईवरून फिरवलं. जिथे ते ओढ घेई तिथे खडूची खूण. कंदील टांगायचे खिळे, तोरणाचे खिळे, पाळण्याची कडी, आणि एका जागी तुटून आत राहिलेला घोड्याच्या नालाचा तुकडा. सगळं उपटून पुन्हा चुंबक फिरवलं, तेव्हा कुठे तुळई पात्याखाली गेली. एक इंच जाडीच्या फळ्या निघाल्या. बाहेरून काळवंडलेलं लाकूड आतून मधाच्या रंगाचं, आणि एवढ्या वर्षांनीही सागाचा तो तेलकट वास. भुसा नाकात गेला की शिंका थांबत नाहीत. काहींच्या अंगावर खाजही उठते. तोंडाला ओढणी बांधूनच उभं राहावं.

मला शिकवलं गावातल्या सुतार तात्यांनी. आयुष्य तिफणी, वखर आणि बैलगाड्यांत गेलेला माणूस. ट्रॅक्टर आले, तिफणी गोठ्यात गेल्या, दारं-खिडक्या शहरातून तयार येऊ लागल्या. आता कुणाच्या कुऱ्हाडीला दांडा, कुणाच्या बाजेला गात, एवढंच. माझ्याकडे टेप, पेन्सिल आणि आलेखाच्या कागदावर काढलेलं चित्र होतं. तात्यांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं.

"ताई, टेप ठिव तिकडं. फळी किती जाड हाय ते फळीलाच इचार की."

"पण तात्या, खाच किती रुंद करायची ते मापावाचून कसं कळणार?"

"माप आपल्या डोळ्यात चुकतंय, टेपात चुकतंय, पेन्सिलीच्या जाडीत चुकतंय. फळी न्हाई चुकत."

इंचाचे आठ सूत, त्या हिशेबाने माझ्या फळ्या रंधून सात सूत भरत होत्या. पण हाताने रंधलेली एकही फळी दुसरीइतकी नेमकी नसते. कुठली सात सूत, कुठली केसभर कमी. टेपने सगळ्या खाचा सात सुताच्या आखल्या असत्या तर अर्ध्या सैल झाल्या असत्या आणि अर्ध्यांत फळी शिरली नसती.

रंधण्याचं थोडक्यात सांगते. दोन सरळ पट्ट्या फळीच्या दोन टोकांवर आडव्या ठेवायच्या आणि एका टोकाला बसून डोळा पट्ट्यांच्या रेषेत आणायचा. मागची पट्टी पुढचीला समांतर दिसली नाही तर फळीत पीळ आहे. पीळ असलेल्या फळीवर कितीही सुबक खाच कापा, मांडणी डुगडुगणार. म्हणून आधी उंच कोपरे तिरपे रंधून उतरवायचे, मग लांबीत रंधा मारायचा, नस म्हणजे लाकडाच्या रेषांची दिशा बघून. उलट्या नसेला रंधा गेला की लाकूड उपटून निघतं. एक बाजू सपाट झाली की तिच्यावर खूण करायची. पुढची सगळी मापं, गुण्या (काटकोन बघायचं हत्यार), गेज (समांतर रेघ आखायचं हत्यार) त्याच बाजूला टेकवून. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याला वळसा नाही.

धारेचंही तसंच. सागवानात वाळूचा अंश असतो, सिलिका. त्यामुळे पटाशी लवकर बोथट होते. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेल्या नव्या पटाशीची पाठ कधीच सपाट नसते. जाड काचेवर पॉलिश पेपर पाण्याने चिकटवून आधी पाठ घासायची, टोकाकडचा इंचभर भाग आरशासारखा होईपर्यंत, मग 25 ते 30 अंशांवर धार. काम करताना वरचेवर उठून दगडावर दोन हात मारून यायचे. तात्यांची धार तपासायची पद्धत म्हणजे मनगटावरचे केस. माझी पद्धत साधी: लाकडाच्या आडव्या तोंडावरून पातळ सलग साल निघाली तर धार आहे, भुकटी निघाली तर नाही.

आता खाच. उभ्या बाजूच्या फळीत आडवी खाच कापायची आणि आडवी फळी तिच्यात बसवायची, हा मांडणीचा मूळ सांधा. पुस्तकांचं वजन खिळ्यावर किंवा स्क्रूवर येत नाही, खाचेच्या खालच्या काठावर येतं, फळीच्या पूर्ण रुंदीभर. खोली बाजूच्या जाडीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यात ठेवतात. माझी सात सुताची बाजू, तिला दोन सूत खोली. म्हणून आडव्या फळीची लांबी आतल्या अंतरापेक्षा दोन्हीकडे दोन-दोन सूत जास्त, म्हणजे एकूण अर्धा इंच.

दोन्ही बाजू शेजारी शेजारी, कडेला कड लावून शिकंज्यात आवळल्या आणि फळ्यांच्या जागा एकाच वेळी दोन्हींवर आखल्या. जागाही टेपने नाही. एका लांब पट्टीवर सगळ्यात उंच पुस्तकाची उंची, मधल्या आकाराची, वह्यांची, अशा खुणा करून घेतल्या आणि ती पट्टीच दोन्ही बाजूंना लावली. उजवी-डावी बाजू एकमेकींपासून सुतानेही हलली नाही, कारण हलायला मधे आकडाच नव्हता.

खुणेवर गुण्या लावून पेन्सिल नव्हे, सुरी. जुन्या हॅक्सॉ ब्लेडचं टोक घासून ती सुरी केली होती. पहिला हात अगदी हलका, नुसता लाकडाला रस्ता दाखवण्यापुरता. दुसरा जरा दाबून. तिसऱ्याला रेघ नखाला लागते. मग त्या रेघेच्या आतल्या बाजूने, म्हणजे जे लाकूड काढून टाकायचंय त्या बाजूने, पटाशी तिरपी धरून बारीक साल काढायची. रेघेला टेकून छोटीशी घसरण तयार होते, एकीकडे सरळ भिंत, दुसरीकडे उतार. करवत त्या भिंतीला टेकून आपोआप जागेवर राहते. एवढं झालं की करवत चालवणं अर्धं सोपं.

ही झाली पहिली रेघ. दुसरी रेघ कुठे मारायची, इथे तात्यांचं म्हणणं खरं कळतं. जी फळी तिथे बसणार आहे तीच उभी करायची, तिचं टोक पहिल्या रेघेला भिडवायचं. भिडवायचं म्हणजे नजरेने नाही. रेघेत सुरीचं पातं उभं ठेवायचं आणि फळी त्या पात्याला टेकवायची. मग फळीच्या दुसऱ्या अंगाला सुरीने एक बारीक टोचा मारायचा. फळी बाजूला करून टोच्यावर गुण्या लावला आणि रेघ ओढली की झालं. खाच आता त्या फळीइतकीच रुंद आहे, सूतभर काय, केसभरही कमी-जास्त नाही. लगेच फळीच्या टोकावर आणि खाचेशेजारी एकच आकडा लिहायचा. खांबांवरच्या त्या रेघा कशासाठी होत्या ते हे करताना कळतं.

दर्शनी बाजूने खाच दिसू नये म्हणून मी ती पुढच्या काठाच्या पाऊण इंच आधी थांबवली. तात्यांना हे पटलं नाही. "दिसली तर काय हुतंय? चोरीचा माल हाय का?" त्यांच्या दृष्टीने ते खरं होतं, तिफणीचा सांधा कुणी झाकत नाही. पण मला हवं होतं. बंद खाचेची अडचण अशी की करवत आरपार जाऊ शकत नाही, पुढे लाकूड आडवं येतं. म्हणून आधी बंद टोकाशी पटाशीने इंच-दीड इंच लांबीचा खड्डा पूर्ण खोलीपर्यंत खणायचा. करवतीचं टोक त्या खड्ड्यात येऊन थांबतं आणि भुसाही तिथेच साठतो, तो मधूनमधून फुंकून काढायचा. पाठीवर पट्टी असलेली बारीक दात्यांची करवत, आणि दाते आडवं कापायचे. उभ्या चिरायच्या करवतीने नस आडवी कापायला गेलं तर कड फाटते. खोली कळावी म्हणून करवतीच्या पात्यावर दोन सुतांवर चिकटपट्टी लावली होती.

दोन्ही रेघा कापून झाल्या की मधलं लाकूड पटाशीने उडवायचं. एकदम खोल घुसायचं नाही. आधी दोन्ही टोकांकडून आत वर चढती साल काढायची, मधे उंचवटा राहू द्यायचा, मग तो उतरवायचा. शेवटचा तळ सारखा करायला रूटरचा रंधा असतो, पण तो आमच्याकडे सहज मिळत नाही. तात्यांनी बाभळीच्या ठोकळ्याला तिरपं भोक पाडलं, त्यात अरुंद पटाशी घातली आणि शेजारी पाचर ठोकली. पटाशीचं टोक ठोकळ्याखाली नेमकं दोन सूत. ठोकळा फळीवर टेकवून पुढे-मागे सरकवला की टोक तळ खरवडत जातं आणि जिथे तळ खोलीला पोचला तिथे आपोआप खरवडणं थांबतं. तळ मधे किंचित खोलगट राहिला तर चालतं, उंचवटा राहिला तर अजिबात नाही. फळी त्यावर चढते आणि कडेला फट दिसते.

फळी खाचेत हाताच्या दाबाने अर्धी जावी आणि उरलेली लाकडी मोगरीच्या चार ठोक्यांनी. त्याहून घट्ट असेल तर हात शिवशिवतो खाच रुंद करायला. तसं करायचं नाही. खाचेला हात लावायचाच नाही, फळीच्या खालच्या अंगावरून टोकाशी रंध्याची एक साल काढायची आणि पुन्हा बघायचं. फळीवरून काढलेलं मोजता येतं, खाचेतून काढलेलं परत येत नाही. माझ्या बहुतेक फळ्या एका-दोन सालीत बसल्या. हे सगळं मे महिन्यात चाललं होतं, लाकूड खडखडीत वाळलेलं. आपल्याकडे उन्हाळा आणि पावसाळा यांत लाकूड रुंदीत आणि जाडीत फुगतं-आटतं, लांबीत जवळजवळ नाही. मेमध्ये जी फळी कशीबशी शिरते ती श्रावणात ठोकूनही शिरणार नाही, म्हणून हवामान बघून सांधा जरा मोकळा किंवा घट्ट धरावा. या सांध्याची एक चांगली बाब अशी की उभी बाजू आणि आडवी फळी दोघीही पुढे-मागे, मांडणीच्या खोलीच्या दिशेने सारख्याच फुगतात, त्यामुळे एकमेकींना चिरत नाहीत.

नुसत्या खाचेत एक उणीव आहे. वजन ती पेलते, पण बाजू बाहेर फाकल्या तर त्यांना धरून ठेवत नाही. फळीच्या आडव्या तोंडावर फेविकॉलची पकड कमी, आणि सागवान तेलकट, म्हणून आणखी कमी. चिकटवायच्या जागा आदल्या दिवशी नाही, त्याच वेळी थिनरने पुसून घ्याव्यात. बाजू बांधून ठेवायला कंबरेच्या उंचीच्या फळीला मी दोन्हीकडे दोन-दोन कुसू काढले. ते खाचेच्या तळातून आरपार बाहेर येतात आणि त्यांत पाचर बसते. इथे तात्या रंगात आले, कारण हे त्यांचं रोजचं काम. कुसूच्या टोकात करवतीने चीर पाडायची आणि तिच्यात बाभळीची पाचर ठोकायची. चिरेची दिशा बाजूच्या फळीच्या नसेला आडवी हवी. पाचर मग कुसूला वर-खाली फुगवते आणि दाब नसेच्या तोंडावर येतो, तिथे लाकूड कितीही दाबा, हटत नाही. चीर नसेबरोबर उभी पाडली तर पाचर बाजूच्या फळीलाच चिरते. तात्या पाचर ठोकताना डोळे मिटून आवाज ऐकत होते. बद्द आवाज येतोय तोवर जागा आहे, टणक आवाज आला की थांबायचं.

वरच्या दोन कोपऱ्यांना डव्हटेल घातले, म्हणजे पक्ष्याच्या पसरट शेपटीसारखे दाते एकमेकांत अडकवणारा सांधा. शेपट्या वरच्या फळीला, म्हणजे बाजू बाहेर सरकू शकत नाहीत. उतार आठास एक. इथेही तेच. शेपट्या आधी कापायच्या, मग त्याच फळीला टेकवून दुसरीवर सुरीने उतरवायच्या. डव्हटेलचा लोकांनी बाऊ करून ठेवलाय. ज्याला सुरीच्या रेघेवर करवत ठेवता येते त्याला तो येतो. माझा जास्त वेळ त्या साध्या खाचांनीच खाल्ला.

जोडणीचा क्रम आधी कोरडा करून बघावा, नाहीतर फेविकॉल लागल्यावर धांदल उडते. आधी कुसूची फळी आणि दोन्ही बाजू, मग वरून झाकण, दोन्ही कर्ण दोरीने मोजून सारखे केले, मग पाचरी. बाकीच्या फळ्या मागून खाचेत सरकवल्या, पुढच्या दोन इंचांत तेवढा फेविकॉल. मागच्या बाजूला वर आणि खाली एकेक आडवी पट्टी अर्ध्या खाचेत बसवली. खाचांचा सांधा आडव्या धक्क्याला कच्चा असतो, तो धक्का या पट्ट्या घेतात. बऱ्याच घरगुती मांडण्या डुलतात त्या पट्टी नसल्यामुळे.

पॉलिश नाही, जवसाचं तेल लावलं. कच्चं जवस तेल वाळायला फार वेळ घेतं, रंगाच्या दुकानातलं उकळलेलं घ्यावं, आणि एकदम जाड लेप न देता पातळ हात देऊन तासाभराने कोरड्या फडक्याने पुसून घ्यावं. फडक्यांबद्दल मात्र गंभीरपणे सांगते. जवसाचं तेल वाळताना तापतं, आणि तेल लागलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकलं तर ती ऊष्णता आत साठून आपोआप पेट घेऊ शकते. आमच्याकडच्या मे महिन्यात तर विचारूच नका. फडकी बाहेर तारेवर पसरून पूर्ण वाळवावीत, मगच टाकावीत.

तात्या तेल वाळल्यावर बघायला आले. त्यांनी मांडणीच्या वरच्या कोपऱ्याला खांदा लावून आडवा धक्का दिला, मागे वाकून पट्ट्या बघितल्या, मग एकेका फळीखाली बोट फिरवत गेले. "किती दिस लागले ह्याला? रोज धरला तर परवडत न्हाई," म्हणाले, आणि मला वाटलं आता बंद खाचेवर पुन्हा ऐकावं लागणार. पण त्यांनी विचारलं ते वेगळंच: तुळईचा उरलेला तुकडा कुठाय, आणि त्यातून देव्हाऱ्यापुरत्या फळ्या निघतील का.